एका कॅल्शिअमला दोन सोडिअम

ऑगस्टच्या घटक चाचणीतला एका गुणाचा प्रश्न होता: ऑक्सिजनची संयुजा किती? संयुजा म्हणजे अणूची इतर अणूंशी जोडलं जायची क्षमता. नववीतल्या एका मुलीने उत्तर लिहिलं होतं, ६. कारण विचारलेलं नव्हतं, तरी तिने शेजारी बारीक अक्षरात इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन ते, मांडलं होतं, २, ६, आणि सहाखाली दोनदा रेघ ओढली होती. ही वर्गातली सगळ्यात नीट विचार करणारी मुलगी. चुकीच्या उत्तराखाली तिच्या हातची इतकी खात्रीची रेघ दिसली तेव्हा मी गुण कापले, पण पेपर बाजूला काढून ठेवला.

मधल्या सुटीत तिला विचारलं, सहा कसं काय आलं? ती म्हणाली, "सर, तुमीच सांगतलं ना, शेवटच्या कवचात जेवढे इलेक्ट्रॉन तेवढी संयुजा. ऑक्सिजनच्या शेवटच्या कवचात सहा हायेत. मंग सहाच ना?"

वाक्य माझंच होतं. सोडिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम शिकवताना, १, २, ३ असं फळ्यावर लिहीत असताना, मी ते ओघात बोलून गेलो होतो. त्या तिघांपुरतं ते खरं आहे. कार्बनच्या चारपर्यंतही खरं आहे. त्यापुढे मात्र उलटतं: नायट्रोजनच्या शेवटच्या कवचात ५ पण संयुजा ३, ऑक्सिजनच्या ६ पण २, क्लोरीनच्या ७ पण १. दुसऱ्या दिवशी मी "आठमधून वजा करा" हेही सांगितलं होतं. पण पहिलं वाक्य तिच्या मनात पक्कं बसलं होतं, आणि दुसरं तिला वरून चिकटवलेलं वाटलं होतं.

ज्यांनी २ लिहिलं होतं त्यांनाही विचारलं. बहुतेकांचं उत्तर एकच: "तक्त्यात हाय." म्हणजे तिच्या चुकीमागे तर्क होता आणि बाकीच्यांच्या बरोबर उत्तरामागे काहीच नव्हतं. मला जास्त काळजी त्या बरोबर उत्तरांची वाटली. हे प्रकरण लिहून ठेवायचं कारणही तेच.

बाकीचे पेपर मग वेगळ्या नजरेने पाहिले. कॅल्शिअम ऑक्साइडचं सूत्र अर्ध्याहून अधिक वर्गाने सीए-टू-ओ-टू असं लिहिलं होतं. तिरकस गुणाकार केला, म्हणजे एकाची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी लिहिली, दोन इकडे, दोन तिकडे, काम झालं. खरं सूत्र नुसतं सीएओ. चुन्याच्या निवळीत, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमध्ये, ओएचला कंस नाही, त्यामुळे दोनचा आकडा एकट्या हायड्रोजनच्या गळ्यात पडलेला. आणि ॲल्युमिनिअम ऑक्साइडचं सूत्र देऊन ॲल्युमिनिअमची संयुजा विचारली, तर उत्तर २, कारण सूत्रात त्याच्या पायाशी २ लिहिलेला दिसतो. या तीन चुका वेगवेगळ्या वाटतात, पण माझ्या मते दुखणं एकच आहे. संयुजा हा मुलांसाठी कागदावरचा एक आकडा होता. तो कशाचं मोजमाप आहे, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

गावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट गावाच्या जमिनीतूनच निघाली. आमची शाळा अमरावती जिल्ह्यात, दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. जमीन काळीभोर, पाहुण्याला वाटावं सोनं आहे. पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि पिकाला दिलं तर जमीनच बिघडते. पावसाळ्यात माती चिकट गोळा होते, पाणी खाली मुरत नाही, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. प्यायला नळ योजनेचं पाणी. शेती पावसाच्या भरवशावर: कपाशी, तूर, मूग आणि पाऊस उलटल्यावर ओलीवरचा हरभरा. सोडिअम हा शब्द या पट्ट्यातल्या पोरांनी शाळेत यायच्या आधी ऐकलेला असतो.

मी मात्र सुरुवात या जमिनीपासून केली नाही. आधी नेहमीचे दोन रस्ते धरले.

पहिला रस्ता हातांचा. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार, आणि कुणाचाही हात मोकळा राहता कामा नये. पोरांना उभं करून पाणी, अमोनिया, मिथेन केलं. कॅल्शिअम ऑक्साइडची चूक यातून सुटली, कारण दोन हातवाल्या दोघांनी एकमेकांचे दोन्ही हात धरले की तिसऱ्या-चौथ्याची गरजच उरत नाही, हे पोरांना दिसलं. तेवढं काम ही उपमा चांगलं करते. पण मिठात कुणी कुणाचा हात धरलेला नसतो. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती, म्हणजे प्रभार असलेल्या अणूभोवती, सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. मग सोडिअमची संयुजा सहा का नाही, या प्रश्नाला हातांच्या खेळात उत्तर नाही. आणि ऑक्सिजनला दोनच हात का, हा तिचा मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहिला. काही ठिकाणी नवरा-बायकोच्या उपमेनेही संयुजा शिकवतात. मी ती वापरत नाही. पोरं खुसखुसतात, मुली मान खाली घालतात आणि रसायनशास्त्र तिथेच थांबतं.

दुसरा रस्ता पाण्याच्या विघटनाचा. नऊ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीची दोन शिसं आणि वर पालथ्या घातलेल्या दोन परीक्षानळ्या. एका नळीत हायड्रोजन दुप्पट जमा होईल, दुसरीत ऑक्सिजन एक भाग, आणि दोनास एक हे प्रमाण डोळ्यांनी दिसेल, असा माझा बेत होता. घाईत शिपाईमामांनी शाळेच्या बोअरचं पाणी भरून आणलं. एक नळी भराभर भरत गेली. दुसरीत मात्र वायू नावापुरताच, दुपटीचा कुठे पत्ता नाही, आणि वास आला ब्लीचिंग पावडरचा. पोरांनी तो लगेच ओळखला. विहिरीत पावडर टाकतात तेव्हा हाच वास येतो. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपासून क्लोरीन तयार होत होता आणि त्यातला बराचसा पाण्यातच विरघळत होता. खिडक्या उघडल्या, प्रयोग बंद केला. दोन दिवसांनी पावसाच्या साठवलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ढोबळमानाने दुप्पट आलं. पण पोरांच्या लक्षात राहिला तो पहिला, फसलेला प्रयोग. आपल्या पाण्यात काय आहे, हा प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारला.

म्हणून मी सांगितलं, घरात ज्या ज्या कागदावर, पुडीवर सोडिअम लिहिलेलं सापडेल ते उद्या घेऊन या.

मिठाच्या पुड्या आल्या, खायच्या सोड्याची डबी आली, आशाताईंनी दिलेलं ओआरएसचं पाकीट आलं. ६ लिहिणाऱ्या त्या मुलीने प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून एक कागद आणला. वडिलांनी मागच्या वर्षी विहिरीचं पाणी आणि शेतातली माती तपासून घेतली होती, त्याचा अहवाल. पाण्याच्या पानावर प्रत्येक घटकापुढे दोन आकडे होते. एक लिटरमागे किती मिलिग्रॅम आणि दुसरा लिटरमागे किती मिलिइक्विव्हॅलंट. हिशोब दिसावा म्हणून इथे आकडे थोडे सरळ करून देतो. सोडिअम ४६० मिलिग्रॅम, पुढे २०. कॅल्शिअम ८० मिलिग्रॅम, पुढे ४. मॅग्नेशिअम ६० मिलिग्रॅम, पुढे ५.

मी वर्गाला एवढंच विचारलं, या दुसऱ्या रकान्यातले आकडे कसे काढले असतील?

तिने बाकावर खडूने भागाकार केला. ४६० भागिले २०, आले २३. मान वर करून भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. सोडिअमचं अणुवस्तुमान २३. चेहरा उजळला. मग ८० भागिले ४, आले २०. पुन्हा तक्ता. कॅल्शिअम ४०. ती थांबली, भागाकार पुसला, पुन्हा केला. "सर, कॅल्शिअमचं छापायले चुकलं त्यायचं."

मी काही बोललो नाही. शिक्षकाला हे फार अवघड जातं, पण मी गप्प राहिलो. तिने मॅग्नेशिअमचं करून पाहिलं. ६० भागिले ५, आले १२. तक्त्यात २४. बराच वेळ ती दोन्ही भागाकारांकडे पाहत बसली आणि मग हळू आवाजात, जणू स्वतःलाच सांगावं तसं म्हणाली, "चुकलं नाई. दोघाईचं अर्धं हाय."

अर्धं का? मागच्या बाकावरून एक पोरगा बोलला, "कारन त्यायची संयुजा दोन हाय." तोवर दोन हा त्याच्यासाठी पाठ केलेला आकडा होता. त्या क्षणी त्या आकड्याने एक काम करून दाखवलं.

मग मी इक्विव्हॅलंट या शब्दाचा अर्थ सांगितला: बरोबरीचा. २३ ग्रॅम सोडिअम जेवढं काम करतं, तेवढंच काम २० ग्रॅम कॅल्शिअम किंवा १२ ग्रॅम मॅग्नेशिअम करतं. अणूंच्या भाषेत, एक कॅल्शिअम दोन सोडिअमच्या बरोबरीचा. अणुवस्तुमानाला संयुजेने भागलं की हे बरोबरीचं वजन मिळतं. प्रयोगशाळेने तेच केलं होतं. तोच मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "सर, आमच्या घरी सावडीत एका बैलजोडीमांगं दोन मानसं येतेत, तसं." मी ते फळ्यावर लिहिलं. मला सापडली नसती अशी उपमा होती. तिची मर्यादाही तिथेच सांगितली. सावडीतला, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम करण्यातला, भाव गावागावात बदलतो, हंगामात बदलतो. कॅल्शिअमचा आणि सोडिअमचा भाव दर्यापुरात काय आणि परदेशात काय, एकास दोनच.

अहवालाच्या खालच्या भागात ऋण आयन होते: क्लोराइड ५६८ मिलिग्रॅम, पुढे १६. सल्फेट १९२, पुढे ४. बायकार्बोनेट ५४९, पुढे ९. आता पोरं स्वतःच भागाकार करू लागली. क्लोराइडचं ३५.५, म्हणजे संयुजा १. सल्फेटचं ४८. सल्फेटचं वस्तुमान गंधक ३२ आणि चार ऑक्सिजनचे ६४ मिळून ९६, म्हणजे पुन्हा अर्धं, संयुजा २. बायकार्बोनेटचं ६१, संयुजा १. मूलक, म्हणजे सल्फेटसारखा अणूंचा गट, एकत्र राहतं आणि त्याची संयुजा त्या अख्ख्या गटाची असते, हे कंसाचे नियम सांगून मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. इथे ते एका भागाकारात समजलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "सर, चुन्यात ओएचले कंस नाई केला तं दोनाचा आकडा एकट्या एचचा होते ना?" मी फक्त हो म्हटलं.

शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज केली. धन आयन: २० अधिक ४ अधिक ५, एकोणतीस. ऋण आयन: १६ अधिक ४ अधिक ९, एकोणतीस. खऱ्या अहवालात थोडा फरक असतोच, मोजणीत इकडेतिकडे होतं. पण मिलिग्रॅमच्या रकान्यात ६०० विरुद्ध १३०९ असे काहीच मेळ नसलेले आकडे आणि संयुजेने भागलेल्या रकान्यात दोन्ही पारडी सारखी, हे पाहिल्यावर वर्गात जी शांतता झाली ती मी विसरणार नाही. रेणुसूत्र लिहिताना आपण जे करतो तेच विहिरीतल्या पाण्याने केलेलं होतं. धन तेवढं ऋण. तिरकस गुणाकार ही त्या समतोलाची पळवाट आहे, आणि समतोल कळल्याशिवाय पोरांच्या हातात पळवाट देऊ नये, असं माझं आता ठाम मत आहे.

आता माती. तिच्या वडिलांना खारपाणासाठी शेतात जिप्सम, म्हणजे कॅल्शिअम सल्फेट, टाकायला सांगितलं होतं. तो का, हे पाहायला चार पारदर्शक बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत पावसाचं पाणी आणि तिच्या शेतातली एकेक चमचा माती. पहिलीत काहीच नाही, दुसरीत चिमूटभर मीठ, तिसरीत चिमूटभर जिप्समची पूड, चौथीत तितकीच तुरटीची पूड. चौघांनी एकदम हलवून बाटल्या खिडकीत ठेवल्या. पुढच्या तासिकेपर्यंत तुरटीच्या बाटलीतलं पाणी वरून निवळलं, गाळ गठ्ठ्यागठ्ठ्यांनी खाली बसला. जिप्समची बाटली मधल्या सुटीपर्यंत साफ झाली. मिठाची शाळा सुटेपर्यंत जेमतेम. पहिली बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीही चहासारखी गढूळ होती.

मिठातला सोडिअम आयन एकप्रभारी, जिप्सममधला कॅल्शिअम द्विप्रभारी, तुरटीतला ॲल्युमिनिअम त्रिप्रभारी. मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. धन आयनाचा प्रभार जितका मोठा, तितका तो या कणांना लवकर एकत्र आणतो, आणि हा परिणाम दुपटी-तिपटीने नव्हे तर कितीतरी पटींनी वाढत जातो. शुल्झ यांनी १८८२ मध्ये आणि हार्डी यांनी १९०० मध्ये हे दाखवलं, म्हणून हा नियम दोघांच्या नावाने ओळखला जातो. पोरांना मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. तुरटीच्या बाबतीत आणखी एक क्रिया घडते, तिच्यातून ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचा चिकट साका तयार होतो आणि तोही गाळाला सोबत घेऊन बसतो. त्यामुळे चौथ्या बाटलीचं सगळं श्रेय तीन या आकड्याला देता येत नाही. बाटल्यांनी क्रम दाखवला. नेमका एकास दोन हा हिशोब मात्र अहवालाने दाखवला. दोन्ही पुरावे एकाच वजनाचे नाहीत, हे मुलांना कळायला हवं.

खारपाणात जमीन का बिघडते याचं उत्तरही याच बाटल्यांत होतं. मातीच्या कणांवर सोडिअम चिकटून बसला की कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. जिप्सममधला एक कॅल्शिअम तिथे शिरतो आणि दोन सोडिअमना बाहेर काढतो. सुटलेला सोडिअम सल्फेटबरोबर विरघळून पावसाच्या पाण्यातून खाली निघून जातो, अर्थात निचरा नीट असेल तरच. जिप्समचं सूत्रवस्तुमान १७२. त्यातल्या ४० भाग कॅल्शिअमने ४६ भाग सोडिअम हलतो. म्हणजे शुद्ध जिप्समची ५० किलोची एक बॅग फार तर १३ किलोच्या आसपास सोडिअम काढू शकेल. हे गणित तिने घरी जाऊन वडिलांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत आले. दाराशी चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पोरगी म्हनते एका बॅगीत एवढंच निघते. मंग माह्या वावराले किती लागन?" मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, भाऊ, वर्गातलं गणित इथवरच येतं. जमिनीत किती सोडिअम चिकटलेला आहे, जिप्सम किती शुद्ध आहे, किती खोलीपर्यंत सुधारायचं आहे, यावर मात्रा ठरते. मातीचा अहवाल घेऊन अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जा, या जमिनीवर तिथे अभ्यास झालेला आहे. ते म्हणाले, "जाईन. पन पोरगीले घेऊन जाईन. तिलेच समजते हे."

इलेक्ट्रॉनांकडे आम्ही परतलो ते यानंतर. आणि ते आपोआप घडलं. तीच उभी राहिली आणि म्हणाली, पाण्यात एका ऑक्सिजनमागे दोन हायड्रोजन, हायड्रोजनची एक, मग ऑक्सिजनची दोन व्हायला पाहिजे, सहा येऊच शकत नाही. मग शेवटच्या कवचातल्या सहाचं काय? आता वजाबाकी सांगायला जागा होती. ऑक्सिजनला शेवटच्या कवचात आठ पूर्ण व्हायला दोन कमी पडतात. सहा हा त्याच्याकडे असलेला साठा, दोन ही त्याची गरज, आणि संयुजा गरजेची मोजली जाते. सोडिअमला एक सोडून देणं सोपं, म्हणून एक. क्लोरीनला एक मिळवणं सोपं, म्हणून त्याचीही एकच. देणारा आणि घेणारा, दोघांची संयुजा सारखी असू शकते.

"कॅल्शिअम दोनच काऊन देते? तिसरा काऊन नाई?" हा प्रश्न दुसऱ्या एका मुलीचा. आठची संख्या पवित्र आहे असं सांगून तो मिटवता आला असता. मी फळ्यावर तीन आकडे लिहिले. कॅल्शिअमच्या अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे ५९० किलोजूल ऊर्जा लागते, दुसऱ्याला ११४५, तिसऱ्याला ४९१२. तिसरा आतल्या भरलेल्या कवचातला, म्हणून त्याची किंमत एकदम चौपटीहून जास्त. एवढी किंमत मोजून तिसरा इलेक्ट्रॉन काढणं नेहमीच्या कुठल्याही संयुगाला परवडत नाही. नववीला मोल नीट कळलेला नसतो, हे मान्य. पण आकड्यांतली ती उडी कळायला मोल कळावा लागत नाही.

या क्रमाबद्दल मला मोकळेपणाने लिहायचं आहे. आपण इलेक्ट्रॉन आधी शिकवतो, कवचं भरायला लावतो, आणि त्यातून संयुजा काढतो. इतिहासात उलटं घडलं. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८५२ मध्ये मांडलं की नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक, अँटिमनी यांसारखी मूलद्रव्यं इतरांच्या ठरावीक संख्येशीच, तिघांशी किंवा पाचांशी, संयोग पावतात. तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीत नव्हता. थॉमसन यांनी तो १८९७ मध्ये शोधला. शेवटच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांवरून संयोगाचं स्पष्टीकरण कोसेल आणि लुईस यांनी दिलं ते १९१६ मध्ये. मधली चौसष्ट वर्षं रसायनशास्त्रज्ञांनी संयुजा वापरली ती केवळ तोलून, मोजून, प्रमाणं लावून. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली तेव्हाही त्यांच्या हाताशी अणुवस्तुमान आणि संयोगाची ही प्रमाणंच होती. इंग्रजीतल्या व्हॅलन्सी या शब्दाचं लॅटिन मूळ बळ या अर्थाचं आहे. आपल्या संयुजा शब्दात जोडणं आहे. दोन्ही शब्दांत इलेक्ट्रॉन कुठेच नाही. बरोबरी आधी, कारण नंतर, हा क्रम माझ्या वर्गात चालला आणि आता मी तोच धरणार आहे. अभ्यासक्रमातल्या धड्यांचा क्रम मी बदलू शकत नाही, पण पहिल्या दोन तासिका माझ्या हातात आहेत.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दोन-तीन मुलं अजूनही सूत्रातला पायाशी लिहिलेला आकडाच संयुजा म्हणून सांगतात. त्यांना भागाकार जड जातो, आणि ती अडचण रसायनशास्त्राची नसून पाचवी-सहावीपासूनची आहे. शिवाय अहवालातून संयुजा शिकवण्यात एक धोका आहे. मुलांना वाटू लागतं की प्रत्येक मूलद्रव्याची बरोबरी एकदा ठरली की कायमची ठरली. लोखंडाने हा समज मोडला.

तिच्या मामाकडे वरूडच्या बाजूला संत्र्याची बाग आहे. पानं पिवळी पडली की तिथे हिराकस, म्हणजे आयर्न सल्फेट, फवारतात. सुटीत ती मामाकडे गेली होती, तेव्हा एका कागदाच्या पुडीत थोडं हिराकस घेऊन आली. मूळचे फिकट हिरवे खडे उघडे राहून कडेने पिवळट-तपकिरी पडले होते. मी सांगितलं, हवेतल्या ऑक्सिजनमुळे यातलं थोडं लोखंड दोनवरून तीनवर गेलं आहे. काही मुलांचे चेहरे पडले. एवढ्या कष्टाने कळलेली गोष्ट पुन्हा हातातून निसटली, असं त्यांना वाटलं असावं. एक जण म्हणाला, "मंग पाठ काय करायचं सर, दोन का तीन?"

उत्तर मी दिलं नाही. ती आपल्या जागेवरून पुढे आली, पुडी टेबलावर ठेवली आणि फळ्यावर दोन सूत्रं लिहिली, आयर्न सल्फेट आणि गंजातलं आयर्न ऑक्साइड. पहिल्याखाली लिहिलं, सल्फेट २, म्हणून लोखंड २. दुसऱ्यात तीन ऑक्सिजन, प्रत्येकाचे दोन, झाले सहा. समोर दोन लोखंड. तिने ६ भागिले २ लिहिलं, उत्तर ३ काढलं, आणि खडू खाली ठेवायच्या आधी त्या पोराकडे वळून म्हणाली, "पाठ नाई करायचं. सोबतीले कोन हाय ते पाहायचं."